घट्ट गळ्याचा स्वेटर



यंदा दिवाळी झाल्या झाल्या मी लेकीच्या मुलासाठी स्वेटर विणायला घेतला. पाच वर्षांचा आहे, म्हणून निळी लोकर आणि पुढच्या बाजूला मधोमध सहा टाक्यांची एक वेणी, एवढाच बेत. पाठ झाली, पुढाही मुंढ्यापर्यंत आला. त्या दिवशी दुपारी सामायिक आटोपून सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक काम डोळ्यांपेक्षा बोटांनीच पाहतात. पुढ्यावरून हात फिरवता फिरवता एका जागी त्यांचं बोट थांबलं. "इथे वेणी उलटी फिरलीय गं."

पाहिलं तर खरंच. तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरायचे, ते मी मागे धरले होते. आणि त्यानंतर चोवीस ओळी विणून झाल्या होत्या! मी म्हटलं, "जाऊ द्या आई, एवढं कोण बघतंय? लहान मुलाचा स्वेटर, पुढच्या वर्षी आखूडच होणार आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी चौविहाराच्या आधी जेवणं उरकली, आवराआवर झाली आणि मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, पण ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. ती सांगण्याआधी थोडा इतिहास सांगते, म्हणजे ती नीट कळेल.

लोकर जुनी, सुया नव्या

लोकर आपल्या मुलुखाला नवी नाही. धनगरांची घोंगडी पिढ्यान् पिढ्या इथे विणली जातात आणि चिंचोक्याची खळ देऊन ती ताठ केली जातात. आपल्या साधू-साध्वीजींचा ओघाही लोकरीचाच असतो. दोन सुयांवरचं विणकाम मात्र आपल्याकडे उशिरा आलं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज बायका आणि मिशनऱ्यांच्या शाळा यांच्याबरोबर ते आलं आणि हळूहळू घराघरांत रुजलं. जगातले सर्वांत जुने सुयांवरचे नमुने इजिप्तमध्ये सापडले आहेत. त्यात निळ्या-पांढऱ्या सुती धाग्यांचे मोजे आहेत आणि ते सुमारे आठशे-हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात.

मराठीत आपण सगळ्यालाच 'विणणं' म्हणतो. खाट विणतात, जाळं विणतात, पैठणी विणतात आणि स्वेटरही विणतात. पण चूक झाली की ही कामं वेगवेगळी वागतात. पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा कमळ विणकर ताण्याचे धागे मोजून, रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्यांनी भरतो. तिथे चूक झाली तर बाणा एकेक करून मागे काढत त्या जागेपर्यंत जावं लागतं. आपल्या शहराच्या हिमरूची गोष्ट आणखी वेगळी. हातमागाच्या जुन्या पद्धतीत नक्षी आधी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवतात आणि मग त्या दोऱ्या ओढत कापड विणतात. जाळं बांधतानाच एक गाठ चुकली, तर ती चूक एका फुलात राहत नाही, कापडावर जेवढ्या वेळा ते फूल येतं तेवढ्या वेळा चूक येते. आणि वेरूळला आपल्या लेण्यांत गेलात तर दगडाचं काम दिसेल. तिथे छिन्नीचा घाव बसला की बसला, दगड परत जोडता येत नाही.

स्वेटरचं तसं नाही. तो एका सलग धाग्याचा असतो आणि टाक्यात टाका अडकलेला असतो. सुई काढून धागा ओढला की सगळा सुटतो, आणि लोकर जवळपास होती तशी हातात परत येते. थोडी कुरळी होते खरी, पण लच्छी करून धुतली की सरळ होते. एवढी सोय असूनही आपण उसवायला किती नाखूश असतो!

स्वेटरच्या नावात लपलेल्या चुका

विणणाऱ्या बायका रोज काही इंग्रजी शब्द वापरतात. पुढून उघडा, बटणांचा स्वेटर म्हणजे कार्डिगन. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जाणारी बाही म्हणजे रॅग्लन. आणि आपली माकडटोपी, जिला इंग्रजीत बॅलक्लाव्हा म्हणतात. ही तिन्ही नावं एकाच लढाईच्या परिसरातून आली आहेत हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

१८५४ साली इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या बाजूला, असं क्रिमियाचं युद्ध चाललं होतं. २५ ऑक्टोबरला बॅलक्लाव्हा गावाजवळ लढाई झाली. इंग्रज सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकडीवर होता. वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा हात गेलेला होता, आणि त्याच्यासाठी शिवलेल्या कोटावरून त्या बाहीला त्याचं नाव पडलं असं सांगतात. त्याला वरून दिसत होतं की रशियन लोक पकडलेल्या तोफा ओढून नेत आहेत. त्याने त्या परत आणण्याचा हुकूम खाली धाडला. खाली दरीत उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांना त्या तोफा दिसतच नव्हत्या. त्यांना दिसत होत्या त्या दरीच्या टोकाला मांडलेल्या रशियनांच्या तोफा. हुकूम मोघम होता, कोणी तो नीट विचारून घेतला नाही, आणि लॉर्ड कार्डिगन सुमारे ६७० घोडेस्वार घेऊन थेट त्या तोफांच्या तोंडावर गेला. शंभराहून अधिक माणसं मेली, कितीतरी जखमी झाली.

त्यानंतर आला हिवाळा. १४ नोव्हेंबरला मोठं वादळ झालं आणि किनाऱ्यालगत जहाजं बुडाली. त्यातल्या 'प्रिन्स' नावाच्या जहाजावर सैन्याचे गरम कपडे होते. सैनिक थंडीने आणि रोगाने मरू लागले. मग इंग्लंडातल्या बायकांनी घरी बसून टोप्या, मोजे, गळपट्टे विणून पाठवले, आणि पुढे त्या टोपीला त्या गावाचं नाव चिकटलं. आपण मुलांच्या कानांवर जी माकडटोपी ओढतो तिच्यामागे अशी न पोहोचलेल्या उबेची कहाणी आहे.

पहिल्या महायुद्धातली आणखी एक गोष्ट विणणाऱ्यांमध्ये सांगितली जाते. लॉर्ड किचनेर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता, आणि १९१४ ला तो इंग्लंडचा युद्धमंत्री झाला. खंदकातल्या सैनिकांच्या पायांना जखमा होत, त्याचं एक कारण हाताने विणलेल्या मोज्यांच्या टोकाची जाडी शिवण होती. ती बोटांना घासे. म्हणून मोज्याचं टोक शिवण न दिसता, टाक्याला टाका जोडत बंद करायची पद्धत पसरली, आणि तिला आजही किचनेरचं नाव आहे. ती खरंच त्याने काढली का हा वेगळा विषय. पण घरी विणणाऱ्या बाईला बोचरी शिवण दिसत नव्हती, कारण तो मोजा घालून ती चालत नव्हती. चूक कोणाला टोचते ते कळलं, तेव्हाच पद्धत बदलली.

बासष्टचा हिवाळा

आता आपल्याकडे येऊ. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. ईशान्येला नामका चू नदीच्या भागात सातवी ब्रिगेड होती. ब्रिगेडियर जॉन दळवी तिचे प्रमुख. हजारो फूट उंचीवर, बर्फाच्या तोंडावर, मैदानी भागातून घाईने पाठवलेले जवान उन्हाळी सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत होते. अंथरा-पांघरायला पुरेशी ब्लँकेटंही नव्हती. दळवी स्वतः पकडले गेले आणि मे १९६३ मध्ये सुटून आले. नंतर त्यांनी या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, ते १९६९ मध्ये आलं. त्याचं नाव 'हिमालयन ब्लंडर', म्हणजे हिमालयाएवढी घोडचूक.

हिमालयाएवढ्या चुकीचा उल्लेख महात्मा गांधींनीही केला होता, आणि तो स्वतःबद्दल. १९१९ च्या रौलट सत्याग्रहात लोकांची तयारी होण्याआधीच आपण त्यांना कायदेभंगाला बोलावलं, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते जाहीर कबूल केलं आणि सत्याग्रह थांबवला. आत्मकथेत त्या प्रकरणाला त्यांनी नावच 'पहाडाएवढी चूक' अशा अर्थाचं दिलं आहे.

बासष्टला बातम्या येऊ लागल्या तसा देश हलला. बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. आणि गावोगावी, शाळाशाळांत बायका-मुली जवानांसाठी स्वेटर विणायला बसल्या. आपलं शहर तेव्हा औरंगाबाद होतं, आणि महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. त्याच नोव्हेंबरात मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं गेलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं लोक तेव्हा म्हणत आणि अजूनही म्हणतात.

२१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे लढाई जेमतेम महिनाभर चालली. शाळकरी मुलीला एक मोठा स्वेटर विणायला साधारण तेवढाच वेळ लागतो. विणून झालेला स्वेटर गोळा होऊन, पेटीत भरून, डोंगरावर पोहोचायला आणखी किती वेळ लागला असेल, हिशेब करून बघा. सरहद्दीवर जवान पुढेही थंडीत उभेच होते, त्यामुळे ते स्वेटर वाया गेले असं मी म्हणत नाही. पण बायकांच्या सुयांनी जे भरून काढायचा प्रयत्न केला, ते काम आधीच आणि दुसऱ्या कोणीतरी करायला हवं होतं.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतर झालेलं काम. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांच्याकडे सोपवली गेली. तो संपूर्ण अहवाल सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. पण सप्टेंबर १९६३ मध्ये चव्हाणांनी संसदेत उभं राहून त्याचं सार सांगितलं. डोंगरातल्या लढाईचं प्रशिक्षण कमी पडलं, साहित्य कमी पडलं, उंचीची सवय नसलेले जवान वर गेले, वरिष्ठ पातळीवरही उणिवा होत्या, असं ते सार होतं. मग सैन्य वाढवलं गेलं, डोंगरात लढण्यासाठी वेगळ्या पर्वतीय डिव्हिजन उभारायचं ठरलं. पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, सिक्कीमच्या नथू ला खिंडीत पुन्हा चकमक झाली, तेव्हा आपल्या सैन्याने पाय मागे घेतला नाही.

सासूबाईंची गोष्ट

बासष्टला सासूबाई तेरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या वर्गात बाईंनी मुलींना खाकी लोकर वाटली. ज्यांना येत होतं त्यांनी पूर्ण स्वेटर करायचा, ज्यांना येत नव्हतं त्यांनी मफलर. सासूबाईंना यायचं. त्यांनी पाठ केली, पुढा केला, बाह्या केल्या. रात्री कंदिलाशी बसून, सकाळी शाळेच्या आधी बसून. सगळ्यांत शेवटी गळा राहिला. गळ्याचे टाके उचलून एक उलट एक सुलटची पट्टी विणली आणि टाके बंद केले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जमा करायचा होता.

"बंद करताना मी धागा घट्ट ओढत गेले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, घट्ट म्हणजे मजबूत. मग घालून बघितला. माझ्या कानाशी अडकला. माझ्या! आणि माझं डोकं तेव्हा केवढंसं."

त्यांच्या आईने सांगितलं, नुसती पट्टी उसव, तासाभराचं काम आहे. पण रात्र झाली होती, बोटं दुखत होती, आणि वर्गातल्या दोन मुलींचे स्वेटर आधीच जमा झाले होते. सासूबाईंनी स्वेटरची घडी घातली, गळा आतल्या बाजूला ठेवला आणि सकाळी ढिगावर ठेवून दिला. कोणी उघडून पाहिला नाही. उलट वर्गात त्यांचं नाव घेतलं गेलं, मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आई, तुम्ही लहान होता. त्या जवानाने गळा कापून घातला असेल. नाहीतर दुसऱ्या कोणीतरी पट्टी काढून टाकली असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. "पण मला माहीत होतं ना. चुकून घट्ट झाला ते वेगळं. माहीत असून दिला ते वेगळं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "दरवर्षी संवत्सरीला सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणते. घरातल्यांना, शेजाऱ्यांना, फोन करून माहेरच्यांना. आणि एकदा मनातल्या मनात त्याला. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, जिवंत आहे की नाही तेही माहीत नाही. साठ वर्षं झाली."

मैत्रिणींनो, मला काय बोलावं कळेना. दर पर्युषणात मी त्यांच्या शेजारी बसून प्रतिक्रमण करते. त्या डोळे मिटून बसतात तेव्हा त्यांच्या मनात एक खाकी स्वेटर असतो, हे मला कुठून कळणार?

प्रतिक्रमण म्हणजे परत फिरणं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या रात्री मला त्याचा अगदी घरगुती अर्थ लागला. चुकलेल्या टाक्यापर्यंत मागे जायचं. इथे बसून 'चुकलं हं' म्हटलं तर टाका सरळ होत नाही. आपल्या सहा आवश्यकांत प्रतिक्रमणानंतर कायोत्सर्ग येतो आणि शेवटी प्रत्याख्यान. मागे जा, स्थिर हो, आणि मग पुढे हे करणार नाही असं ठरव. मी अनेकदा मधलं सगळं सोडून 'मिच्छामि दुक्कडम्'चा मेसेज पुढे पाठवून मोकळी होते. तुमच्यापैकी काहींचंही होत असेल.

आणि पुष्कळदा मागे जाणं वाटतं तेवढं मोठं नसतं. सासूबाईंना अख्खा स्वेटर उसवायचा नव्हता, नुसती पट्टी काढायची होती, तासाभराचं काम. तो एक तास वाचवला आणि साठ वर्षं ओझं वाहिलं.

उसवताना

दुसऱ्या दिवशी मी पुढा हातात घेतला. चोवीस ओळी उसवायची मनाची तयारी केली होती. सासूबाई म्हणाल्या, "सगळं कशाला? वेणीचे सहाच टाके सोड." ही युक्ती ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहिते. वेणीच्या दोन्ही बाजूंचे टाके जादा सुयांवर सुरक्षित घ्या. फक्त मधले सहा टाके सुईवरून सोडा आणि चुकलेल्या ओळीपर्यंत सुटू द्या. मागे धाग्यांची शिडी दिसेल. प्रत्येक पायरी म्हणजे एक ओळ. मग वेणी योग्य बाजूने फिरवा आणि खालच्या पायरीपासून एकेक ओळ, आखूड सुयांनी किंवा क्रोशाच्या सुईने, परत विणत वर या. पायऱ्यांचा क्रम मात्र चुकवू नका, नाहीतर गुंता होतो. विणताना टाके थोडे सैल-घट्ट दिसतात. धुऊन, पसरून वाळवलं की बसतात.

मला दीड तास लागला. एकदा पायरी चुकली, परत खाली गेले. सासूबाई शेजारी बसून मोजत होत्या.

गळा मी त्यांनाच करायला दिला. त्यांचे हात आता थरथरतात, ओळीला वेळ लागतो. टाके बंद करताना त्यांनी माझ्याकडे दोन नंबर जाड सुई मागितली. गळा बंद करताना उजव्या हातात जाड सुई घेतली की टाके आपोआप सैल पडतात. तेराव्या वर्षी हे कोणी सांगितलं असतं तर, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मला ते ऐकू आलं. नातू रविवारी आला, डोकं एका झटक्यात बाहेर निघालं आणि स्वेटरसकट अंगणात पळाला. वेणीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "आणखी थोडी लोकर आणशील का? खाकी मिळाली तर बघ."

मी गुलमंडीवर जाऊन आणली. अगदी खाकी नाही मिळाली, शेवाळी मिळाली. माप त्यांनी मोठ्या माणसाचं घेतलं आहे, छाती बेचाळीस. कोणासाठी, मी विचारलं नाही. आमच्या कॉलनीत रात्रपाळीला एक वॉचमन असतो, अंगात पातळ जाकीट घालून पहाटेपर्यंत खुर्चीवर बसलेला असतो. परवा त्यांनी मला विचारलं, त्याचं डोकं केवढं असेल गं?

पाठ झाली आहे. पुढा चालू आहे. गळा त्याच्या डोक्याला लावून बघायचा आणि मगच बंद करायचा, असं ठरलंय.